मागणीतला ण

मुलुंडला आमच्या इमारतीसमोर पीतमोहराची तीन झाडं आहेत. वर्षभर ती कुणाच्या खिजगणतीत नसतात. मे लागला की मात्र ती अख्ख्या रस्त्याचा ताबा घेतात. सकाळी खाली उतरावं तर स्कूटरच्या सीटवर, दूधवाल्याच्या कॅनवर, पार्किंगवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या डोक्यांवर, सगळीकडे पिवळा सडा. यंदा तो सडा पडला त्याच दिवशी कॉलेजचं परिपत्रक आलं. अध्यापकांसाठी दहा दिवसांचा प्रशिक्षण वर्ग, विषय ‘सर्वसमावेशक अध्यापन आणि जनरेटिव्ह एआय’, स्थळ बोरिवली. आणि ते वाचता वाचता माझ्या जिभेवर चक्क ताडगोळ्यांची चव आली.

परिपत्रक वाचून कुणाच्या तोंडाला पाणी सुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. गेल्या वर्षी हेच परिपत्रक पहिल्यांदा आलं तेव्हा मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन अर्धा तास भांडले होते.

“पेपर मी तपासायचे, सुपरव्हिजन मी करायचं, आणि सुट्टी लागली की बोरिवलीला जाऊन एका यंत्राकडून शिकवायला शिकायचं?”

“मॅडम, यादी वर गेली आहे.”

“गेली तशी खाली आणा.”

यादी काही खाली आली नाही. पण रिकाम्या हातानं मी कुठूनच बाहेर पडत नाही. तुम्ही मला दहा दिवस बोरिवलीला पाठवताय तर जूनपासून माझ्या तासांना प्रोजेक्टरची खोली हवी, एवढं मी मान्य करून घेतलं. प्रोजेक्टरचं काय करायचं याची तेव्हा मला सुतराम कल्पना नव्हती. समोरचा काहीतरी देण्याच्या बेतात आहे हे दिसलं की मी मागून ठेवते.

माझा एक राग होता. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्याची तब्येत उत्तम होती.

माझी आई जालन्याकडची. वडील साकीनाक्याला पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर. दिवसभर मशीन ऐकून त्यांचे कान इतके थकलेले असत की ‘जेवायला या’ हे गल्लीच्या टोकाला कळेल असं ओरडूनच सांगावं लागे. आमच्या घरात हळू बोलणाऱ्याला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघत. त्या घरातल्या मराठीत ण नव्हता. पानी होतं, लोनी होतं, ‘कोन आलंय बघ’ होतं. त्यावाचून आमचं काही अडलं नाही. सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेर केसांच्या क्लिपा विकत मी एमएपर्यंत आले. भाव कसा बोलायचा, कधी पाठ फिरवायची, पाठ फिरवल्यावर किती पावलं चालायची, हे मला तिथं समजलं. अर्थशास्त्राची पुस्तकं नंतर वाचली.

मग नोकरी लागली. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी शिपायाला म्हटलं, “दादा, जरा पानी द्या.” मराठी विभागाच्या सुलभा मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी मायेनं, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, “पाणी म्हणा हो. समोर मुलं बसलेली असतात. जरा नीट बोलायला हवं.”

दोन-तीन जण हसले. मी पाणी न पिताच वर्गावर गेले.

मला ण येत नाही असं नाही. शांत असले की तो व्यवस्थित येतो. पण मी शांत कधी असते? राग चढला की पहिला पळतो तो ण. मग मी त्याला टाळायलाच लागले. आता अर्थशास्त्राच्या बाईनं ण टाळायचा म्हणजे काय हाल होतात ते मला विचारा. परिणाम, प्रमाण, धोरण, गुंतवणूक. मागणी या शब्दावर तर आमचं अर्धं शास्त्र उभं. मी डिमांड म्हणू लागले, पॉलिसी म्हणू लागले. मुलांना वाटे, आपल्या वंदना मॅडम फाडफाड इंग्रजीवाल्या आहेत. मराठीतून पेपर लिहिणाऱ्या मुली वहीत ‘डिमांड’ लिहून घरी जात आणि पुस्तकात ती शोधत बसत. एकोणीस वर्षं मी ‘मागणी’ न म्हणता मागणीचा नियम शिकवला.

बोरिवलीच्या त्या हॉलला उंच छत होतं आणि पंखे इतके वर की त्यांचा वारा वरच्या वरच संपायचा. सुलभा मॅडमही आमच्या कॉलेजकडून यादीत होत्या. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्या रोज माझ्या आधी येत, खिडकीशेजारची जागा धरत आणि शेजारच्या खुर्चीवर माझ्यासाठी रुमाल टाकून ठेवत. थर्मासमधून पन्हं आणत, झाकणात ओतून आधी मला देत. हा माणूस वाईट असता तर माझं काम किती सोपं झालं असतं. त्यांच्या पन्ह्यात वेलची थोडी जास्त असे, तेवढाच काय तो मला आधार.

शिकवायला होते विल्सन सर. गोराईचे. रोज होडीनं खाडी ओलांडून यायचे आणि येताना घरच्या ताडांचे ताडगोळे बादलीभर घेऊन यायचे. पहिल्या दिवशी माइक हातात घेऊन म्हणाले, “काय लिहू नका. पहिले खा.” साठ अध्यापक, कुणी डॉक्टरेट, कुणी विभागप्रमुख, नखांनी तपकिरी साली सोलत बसले. ताडगोळा सोलताना निसटतो. थंड, पारदर्शक, आत पाण्याचा थेंब लपलेला. चावलं की मनगटापर्यंत ओघळतो. एका प्राध्यापकांचा ताडगोळा थेट समोरच्या रांगेतल्या मॅडमच्या पर्समध्ये जाऊन पडला. त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये कुणी कुणाला घाबरलं नाही.

खाऊन झाल्यावर सरांनी कागद वाटले. “तुमच्या वर्गात कधीच न बोलणाऱ्या एका मुलाचं नाव लिहा. आडनावासकट.”

रोल नंबर आठवत होते, बाक आठवत होते, नावं काही येईनात. मला एक नाव आलं आणि त्याचं श्रेय माझं नव्हतं. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या वर्षाची हेमांगी माझ्यासमोर एक अर्ज घेऊन उभी राहिली होती. तिसरं वर्ष कॉलेजला न येता बाहेरून परीक्षेला बसायचं, त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही हवी होती. “का गं?” मी विचारलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, खांदे उडवले. मला वाटलं, झालं, हिला सकाळी उठायचा कंटाळा. “सुट्टीनंतर बघू,” म्हणून मी तो अर्ज पर्समध्ये टाकला.

मग एआय आलं. बहुतेक जण त्याच्याशी साहेबाशी बोलावं तसं बोलत होते. ‘कृपया मागणीच्या नियमावर टिपण मिळावे, ही विनंती.’ आणि पहिलं जे येईल ते निमूट उतरवून घेत होते. हे बघून माझा जीव कासावीस झाला. अहो, पहिला भाव कुणी घेतं का?

मला त्यानं पहिल्यांदा सांगितलं, समजा जॉन कॉफी विकत घेतो.

“जॉन कोण?” मी मोठ्यांदा म्हटलं. “आमच्या वर्गात जॉन नाही.”

“आमच्या गोराईत चार आहेत,” विल्सन सर मागून म्हणाले.

मी लिहिलं, जॉनला सोड. त्यानं रमेश दिला. रमेशलाही सोड. घाटकोपरच्या बाजारातली भाजीवाली दे, संध्याकाळची वेळ दे, तिची कोथिंबीर सुकत चाललीय आणि तिला घरी जायचंय. आता वाक्यं लांब झाली. वाक्यं तोड. एका वाक्यात एकच गोष्ट सांग. हा शब्द पुस्तकी आहे, बदल. सातव्या फेरीला मनासारखं टिपण आलं. मग तेच पुन्हा चित्रासाठी, तेच पुन्हा वाचून दाखवण्यासाठी, तेच प्रश्नांच्या रूपात.

“मॅडम, तुम्ही याला रडवणार,” सर म्हणाले.

“याला कुठे पोरंबाळं आहेत? याचा माल संपत नाही, दुकान बंद होत नाही. असा दुकानदार सोडायचा कशाला?”

त्यावर खूश होऊन मी त्याच्याकडून ताडगोळ्यांचं एक उदाहरण मागितलं. त्यानं छातीठोकपणे लिहिलं की ताडगोळे ऐन हिवाळ्यात बाजारात येतात. माझ्या मनगटावर त्या क्षणी ताडगोळ्याचं पाणी सुकत होतं. चूक दाखवली तर त्यानं लगेच माफी मागितली. चूक दाखवल्यावर इतक्या झटकन माफी मागणारा विक्रेता मी जन्मात पाहिला नव्हता, त्यामुळे माझा संशय आणखी वाढला. तो संशय मी अजून जपून ठेवला आहे. वर्गात नेण्याआधी त्याची ओळ न् ओळ मी दाबून, वास घेऊन बघते.

सहाव्या दिवशी सरांनी पडद्यावर एक गंमत दाखवली. आपण बोलायचं आणि बोललेलं पडद्यावर लगेच अक्षरांत उमटायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता यावं म्हणून. “कोण येतंय?” सुलभा मॅडम उठल्या. पदर सावरून, प्रत्येक अक्षराला त्याची जागा देत म्हणाल्या, “प्रतिभेचं अधिष्ठान हेच काव्याचं मूळ.”

पडद्यावर आलं: प्रतिभाचं आधी स्थान हेच काव्याचं मूल.

त्यांचा तो शुद्ध, घोटीव ळ! यंत्रानं त्याचा सरळ ल करून टाकला. त्यांनी आणखी हळू, आणखी स्पष्ट म्हटलं. पुन्हा मूल.

मग सरांनी मला ओढलं. साठ माणसांसमोर, सुलभा मॅडमच्या पाठोपाठ. माझं डोकं तापलेलंच होतं, वर माइक हातात. तोंडातून जे आलं ते साकीनाक्याचं आलं. “उन्हाळ्यात पान्याची मागनी वाढते!”

पडद्यावर ठळक अक्षरांत: उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढते.

दोन्ही ण. जिथल्या तिथं. कुणाकडे चष्म्यावरून न बघता. मी इतकी हसले की माइक घुमला आणि हॉल हसायला लागला. का हसतोय ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पन्ह्याच्या वेळी सुलभा मॅडम म्हणाल्या, “वंदना, तुझं कसं गं सगळं बरोबर उमटलं?”

आता सोडायचं नाही असं मी ठरवलं. “मॅडम, एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही मला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, पाणी म्हणा, नीट बोला. आठवतं?”

त्यांनी झाकण खाली ठेवलं. खूप वेळ आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, ते मला दिसत होतं. “मी असं म्हटलं होतं? तुला?”

“मला.”

“अगं, मला काहीच आठवत नाही.” आणि त्यांचा चेहरा असा उतरला की माझ्या तयार ठेवलेल्या चार वाक्यांपैकी एकही मला काढता येईना. ज्या वाक्याला मी एकोणीस वर्षं खाऊपिऊ घातलं, ते बोलणारीच्या लेखी कधी जन्मलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मुलुंडपर्यंत मला एकच विचार छळत होता. मी कुणाकुणाला काय म्हणून विसरले असेन? माझं तोंड तर सुलभा मॅडमच्या दसपट चालतं. पर्समध्ये हात घातला तर हाताला अर्ज लागला. बस थांब्यावर उभी असतानाच मी हेमांगीला मेसेज केला: अर्जाचं कारण खरं सांग.

उत्तर आलं तेव्हा मी आमच्या पीतमोहराखाली पोचले होते. ‘मॅडम, मला ऐकू कमी येतं. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. जानेवारीत मी वर्गात उत्तर दिलं तेव्हा तुम्ही म्हणालात, नीट बोल गं, काय कळत नाही. मला वाटत होतं मी नीट बोलते.’

मी झाडाखाली उभं राहून आठवून पाहिलं. जानेवारी, तो वर्ग, तो बाक. मला काहीच आठवेना.

दुसऱ्या दिवशी सुलभा मॅडमना मी ते दाखवलं. त्यांनी वाचलं, फोन परत दिला आणि पन्हं ओतलं. वेलची जास्तच होती.

बोरिवलीचा वर्ग संपल्यावर हेमांगीला मी कॉलेजच्या पायऱ्यांवर बोलावलं. कान केसांखाली झाकलेले, त्यामागे ऐकण्याचं यंत्र. आधी मी माफी मागितली. मला त्याची सवय नाही, त्यामुळे ती फार लांबली, शेवटी तीच म्हणाली, “बास, मॅडम.” आवाज नाकातून येणारा, कडा पुसलेला, पण लक्ष देऊन ऐकलं तर समजणारा. मी म्हटलं, सही लगेच करणार नाही, जूनमध्ये आठ दिवस वर्गात बसून बघ. तिनं दोन बोटं दाखवली.

“भाजी घेतेस का गं?”

ती हसली. चारवर आली, मी सहावर आले, पाचवर तुटलं. सोमवार ते शुक्रवार. नाही पटलं तर शुक्रवारी सही. आणि तिची एक अट होती. “माझ्यासाठी करताय असं वर्गात कुणाला सांगायचं नाही.”

“मग सगळ्यांसाठीच करते,” मी म्हटलं.

जूनमध्ये प्रोजेक्टरच्या त्या खोलीत मी बोलू लागले आणि माझं बोलणं पडद्यावर उमटू लागलं. पोरांना तमाशाच मिळाला. मी चिडून “मागचे दोघं, बाहेर काढू का?” म्हटलं की तेही मोठ्या अक्षरांत झळके. शेवटच्या बाकावर झोपणारा एक जण वाचण्यासाठी जागा राहू लागला. घरी हिंदी बोलणाऱ्या दोन मुली म्हणाल्या, आता शब्द लिहून घेता येतात. आणि मी डिमांड सोडली. मागणी, मागणी, मागणी; दिवसाला पन्नासदा म्हणत होते. कधी ण निघे, कधी न. पडदा सांभाळून घेत होता. त्या आठवड्यात शिकवताना मला जे सुख झालं, ते क्लिपा विकून पहिल्यांदा फी भरली त्या दिवसानंतर झालं नव्हतं. आणि रोज डोळ्याच्या कोपऱ्यातून मी हेमांगीला बघत होते. ती वाचत होती, लिहीत होती, गप्प होती. सोमवार, मंगळवार, बुधवार.

गुरुवारी तिचा हात वर गेला. ती उभी राहिली आणि एक लांबलचक प्रश्न विचारला. पडद्यावर उमटलं: मॅडम सांडू वस्तू झाला तर माझी आई कामी घेते उंदरात मासे.

वर्ग फुटला. हेमांगीनं मान वळवून पडदा वाचला. आपण जे बोललो ते असं ऐकू येतं, हे तिनं पहिल्यांदाच अक्षरांत पाहिलं असेल. माझ्या साकीनाक्याला सांभाळून घेणाऱ्या त्या यंत्राला तिचा आवाज कळतच नव्हता, आणि हे मला आधी सुचलंही नव्हतं.

“हसताय कोनाला?” मी ओरडले. प्रोजेक्टर बंद केला आणि तिच्या बाकासमोर जाऊन उभी राहिले. “पुन्हा सांग. मला घाई नाही.”

तिनं मागच्या बाकांकडे पाहिलं. मी उभी राहिले. तिनं ओठ पुसले. बोलली. मी ऐकलेलं मोठ्यांदा म्हटलं, “सांडू?”

“नाही. तांदूळ.”

“तांदूळ वस्तू?”

“स्वस्त!” ती वैतागून म्हणाली, आणि या वेळी हसली ती वर्गाबरोबर. एकेक शब्द ती देत होती, मी चुकीचा घेत होते, ती परत घेऊन नवा देत होती. चार-पाच मिनिटं गेली. शेवटी प्रश्न पुरा झाला तो असा: तांदूळ स्वस्त झाला की माझी आई तांदूळ कमी घेते, उरलेल्यात मासे आणते, मग स्वस्त झाल्यावर मागणी वाढते हा नियम तिला का लागू नाही?

मी खडू खाली ठेवला. आमच्या शास्त्रात या अपवादाला नाव आहे, तो शिकवायला मला अजून दोन आठवडे होते, आणि ही मुलगी तो आईच्या स्वयंपाकघरातून उचलून घेऊन आली होती. “आमच्याकडे पण चपात्या कमी नि चिकन!” मागून कुणीतरी ओरडलं. “तुझ्याकडे कधी असतं चिकन, फेकू नको,” दुसरा. तास संपेपर्यंत वर्ग भांडत होता. हेमांगी तीनदा उठली. तिसऱ्यांदा ती काय म्हणाली ते मला सोडून सगळ्यांना कळलं.

शुक्रवारी तास संपला तेव्हा पाच दिवस भरले होते. मुलं निघून गेली, ती थांबली. मी पर्समधून अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं. दिलेला शब्द मी मोडत नाही, मन नसलं तरी.

“मॅडम, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता,” ती म्हणाली. “तेव्हा मला कायपण कळत नाही. पडद्यावरची अक्षरं मागे पडतात. तोंड दिसलं पाहिजे.”

माझं डोकं सणकलं. मी शिकवते कसं, हे मला दुसऱ्या वर्षातून नुकती बाहेर पडलेली पोरगी सांगणार? वाक्य ओठांवर आलं, ते पकडायच्या तयारीनं ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी ते गिळलं.

“अजून काय?”

तिनं दप्तरातून घडी घातलेला कागद काढला. मुद्दे होते, ओळीनं अकरा. मधेच चालत बोलू नका. टिपण आदल्या दिवशी पाठवा. ओरडू नका, ओरडलं की तोंड वाकडं होतं, शब्द कळत नाही. व्हरांड्यात उभं राहून आम्ही एकेका मुद्द्यावर घासाघीस केली. ओरडण्यावर मी सवलत मागितली, तिनं आठवड्यातून एकदा दिली. पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा मी नऊ मुद्द्यांवर हरले होते आणि अर्ज आत टेबलावर टोपणाशिवायच्या पेनाखाली तसाच पडून होता.

तिनं कागदाची घडी केली, दप्तराची चेन ओढली.

“उरलेले दोन सोमवारी,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.